भाडेकरू नव्हे, घरची

नाशकात महापालिकेच्या एका विभागीय कार्यालयाबाहेर मी बावीस वर्षं टेबल टाकून बसलो. घडीचं टेबल, एक टाइपरायटर, शाईचं पॅड आणि येणाऱ्याला बसायला एक स्टूल. लोक मला वकीलसाहेब म्हणायचे. मी वकील नाही. लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटलो आणि अर्ज लिहायला बसलो. पण घरपट्टीच्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त कळणारा वकील तेव्हा जिल्हा कोर्टात नव्हता. हे मी माझ्याच तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

घरपट्टी लोकांना आयुष्यभर कळत नाही. लोक म्हणतात, घर आमचं, राहतो आम्ही, मग नोटिशीत भाडं कुठून आलं? अहो, तिथूनच तर सगळं सुरू होतं. महापालिका तुमचं घर बघते आणि विचार करते, हे भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येतील? स्लॅब आहे की पत्रे, कुठल्या साली बांधलं, कुठल्या रस्त्यावर आहे, जागा किती, यावरून तो आकडा निघतो. त्यातून दुरुस्तीचे म्हणून दहा टक्के वजा करतात. उरलं त्याच्यावर सगळे कर, अगदी शिक्षणापासून झाडांपर्यंत. म्हणजे तुम्ही स्वतःच्या घरात, कुणी कधीच न दिलेल्या भाड्यावर कर भरता. मी हे समजावून सांगितलं की माणसं माझ्याकडे असं बघायची जसा काही तो नियम मीच केलाय.

पण एखादी खोली खरोखरच भाड्यानं दिलेली असली की हिशेब बदलतो. मग मनातलं भाडं नाही, हातात येणारं भाडं धरतात. दरही वेगळा. तेवढ्या भागाची पट्टी जवळजवळ तिप्पट होऊन बसते. म्हणून मोजणीला माणूस आला रे आला की गल्लीतले सगळे भाडेकरू तासाभरात मावसभाऊ व्हायचे. हे मावसभाऊ कसे सिद्ध करायचे, त्यावर माझं पोट चालायचं.

गोरक्ष मात्र अठ्ठ्याण्णवच्या जुलैत उलटीच तक्रार घेऊन आला. त्याच्या घरात भाडेकरू नव्हता आणि कागदावर लागला होता.

गोरक्ष सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. कंपनीचा निळा शर्ट घालूनच आला, पहिली पाळी सुटल्यावर. नोटीस त्यानं माझ्यापुढे अशी टाकली जसं काही मीच ती काढली होती. मी वाचली. पुढच्या तीन खोल्या, मालक स्वतः. मागच्या दोन खोल्या, भाडेकरू, चिमणाबाई पुंजाराम. दरमहा भाडं दोनशे.

"ही कोण?" मी विचारलं.

"माझी वहिनी आहे हो! सख्ख्या भावाची बायको. भाडेकरू कसली?"

"मग दोनशे रुपये कसले?"

तेव्हा त्यानं सांगितलं ते असं. हे लोक मूळचे नामपूरकडचे. थोरला भाऊ पुंजाराम गवंडी, धाकटा हा गोरक्ष. याला कायमची नोकरी, त्यामुळे सोसायटीचं कर्ज याला मिळालं आणि प्लॉट याच्या एकट्याच्या नावावर झाला. घर पुंजारामनं बांधलं. दुसऱ्यांच्या कामावरून सुट्टी असेल त्या प्रत्येक दिवशी, दोन वर्षं, मजुरी न घेता. मागच्या दोन खोल्या त्यानं स्वतःसाठी काढल्या, वेगळं दार ठेवलं आणि बायको ठेंगणी म्हणून स्वयंपाकाचा ओटा चार बोटं खाली घेतला. तोंडी ठरलेलं सगळं. भावाभावांत कोण लिहून घेतं? चौऱ्याण्णव साली गंगापूर रोडला एका इमारतीच्या परांचीवरून तो पडला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. चिमणाबाई मागच्या खोल्यांत राहिली. एका खाणावळीत पोळ्या लाटायला जायची आणि दर महिन्याच्या पाच तारखेला गोरक्षच्या बायकोच्या, आशाच्या, हातात दोनशे रुपये ठेवायची. लाइट आणि पाण्याचे. कुणी मागितले नव्हते.

मोजणीचा माणूस दुपारी आला. पुढच्या दाराला कुलूप होतं. मागचं दार चिमणाबाईनं उघडलं. त्यानं टेप लावली, ओटा पाहिला, वेगळं दार पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही इथं कशा राहता?" त्याला एवढंच हवं होतं की तू घरची की भाड्याची. पण विधवा बाईला कुणी "कशी राहतेस" विचारलं की तिला त्यात दुसरंच ऐकू येतं. ती ताठ झाली. म्हणाली, "फुकट नाय राहत मी. दर महिन्याला दोनशे मोजून देते. विचारा कुणालाही." त्यानं ते लिहून घेतलं. त्याचं काही चुकलं नाही. विचारलं, सांगितलं, लिहिलं.

"एवढंच आहे," गोरक्ष म्हणाला. "पट्टी कमी करून द्या."

हे सोपं होतं. मुदतीत हरकतीचा अर्ज द्यायचा, सुनावणीची तारीख पडते, बाईनं येऊन सांगायचं की मी यांची भावजय, भाडं देत नाही. संपलं. दहा मिनिटांचं काम.

पण माझ्या पंचवटीतल्या घरात एक भाडेकरू होता. माझ्या वडिलांनी त्रेसष्ट साली एका मास्तरांना पुढची खोली दिली होती, सत्तावीस रुपयांनी. मास्तर निवृत्त झाले, त्यांची मुलं मोठी झाली, त्यांनी कॉलेज रोडला फ्लॅट घेतले, आणि मास्तर माझ्या खोलीत. सोळा वर्षं मी कोर्टात खेटे घालत होतो. माझं लग्न मागच्या अंधाऱ्या खोलीत झालं, मुलीचा अभ्यास जिन्यात झाला आणि पुढच्या उजेडाच्या खोलीत सत्तावीस रुपयांत मास्तर पेपर वाचत बसलेले. भाडेकरू हा शब्द नुसता कानावर पडला तरी माझं टाळकं सरकायचं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब नाहीच ती.

मी नोटीस खाली ठेवली आणि म्हणालो, "गोरक्षभाऊ, पट्टीचं सोडा. पट्टीचे चारपाचशे रुपये इकडेतिकडे. तुम्हाला कळतंय का, तुमच्या घरात काय घुसलंय?"

"काय?"

"भाडेकरू. सरकारी कागदावर. नाव लागलंय, भाड्याचा आकडा लागलाय. उद्या या बाईला कुणी शिकवलं आणि ती कोर्टात गेली तर तुम्हाला तुमच्याच घरातून ती हलवता येणार नाही. तुम्हाला नाही, तुमच्या पोरांनाही नाही."

"वहिनी तसं करणार नाही."

"आज नाही करणार. आमच्या मास्तरांनीही पहिली तीन वर्षं दिवाळीला फराळ पाठवला होता."

गोरक्षचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता हो. माझ्याकडे येईपर्यंत त्याच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. पट्टी वाढली म्हणून चिडलेला साधा फिटर होता तो. मी त्याच्या डोळ्यांदेखत त्याला भीती घातली आणि ती बरोबर जागी जाऊन बसली, हे मला दिसलं. मला बरंही वाटलं.

"मग आता काय करायचं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"बाईला घेऊन या. मी जबाब लिहितो, पक्का."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल. घर गोरक्षच्या नावावर, लाइट बिल त्याच्या नावावर, नळ त्याच्या नावावर. पुंजारामच्या दोन वर्षांच्या मेहनतीची कुठे चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्या बाईच्या बाजूचा जगात एकच कागद होता, तो म्हणजे ही नोटीस, आणि तोही तिच्या ताठ्यामुळे चुकून झालेला. भाडेकरू म्हणून नाव राहिलं असतं तर तिला कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणी हात लावू शकलं नसतं. आणि कोर्ट किती वर्षं लावतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत? घरची झाली की संपलं. घरचं माणूस दुसऱ्याच्या मर्जीवर राहतं. घरच्या माणसाला कायदा नसतो. हे मला त्या दिवशी पूर्ण माहीत होतं.

दोन दिवसांनी गोरक्ष तिला घेऊन आला. पन्नाशीची, ठेंगणी, नऊवारी, मनगटापर्यंत पीठ उडालेलं. ती स्टुलाच्या कडेवर बसली. पंधरा वर्षं नाशकात काढली तरी तिच्या बोलण्यातलं नामपूर गेलं नव्हतं. रागावली की सगळं तिकडचंच बाहेर यायचं, आणि त्या दिवशी ती चांगलीच रागावलेली होती.

"मी भाडेकरू शे का?" तिनं मलाच विचारलं. "मना मालकनी बांधेल घर शे ते! आणि माले भाडेकरू लिखं?"

"तुम्हीच सांगितलं ना त्या माणसाला, दोनशे देते म्हणून?"

"देस मी. का नाही देऊ? लाइट जळत नाही का माझा?" तिनं डोळ्यांना पदर लावला. "नामपूरला भावाच्या कानावर गेलं. तो म्हणतो, देराच्या घरात तू भाडं भरून राहतेस, मग इथं येऊन का राहत नाहीस? भावजयीसमोर म्हणाला. मान खाली गेली माझी."

गोरक्ष बाजूला उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही आमच्या घरच्याच आहात. तेच लिहून द्यायचंय."

ती एकदम त्याच्याकडे वळली. चार वर्षांत तिला हे कुणी बोलून दाखवलं नसावं. रोजच्या व्यवहारात कोण कुणाला सांगत बसतं, की तू आमची आहेस? तिचा राग गेला. ती माझ्या टेबलावर वाकली आणि म्हणाली, "तेच लिखा. मी घरनी शे. सगळ्यात पहिलं तेच लिखा, साहेब."

मी लिहिलं. अर्जदारांची मी सख्खी भावजय असून त्यांच्या कुटुंबातील, घरचीच व्यक्ती आहे. मी भाडेकरू नाही. मी देते ते पैसे वीज व पाण्याच्या खर्चापोटी आहेत. पट्टी कमी व्हायला ही तीन वाक्यं पुरेशी होती. गोरक्षनंही एवढंच मागितलं होतं. त्यापुढे जे टाइप केलं ते माझ्या पदरचं. सदर खोल्यांत मी अर्जदारांच्या परवानगीने राहत असून त्यांवर माझा भाडेकरू म्हणून वा अन्य कोणताही हक्क नाही. तसा हक्क मी पुढेही सांगणार नाही. अर्जदार सांगतील तेव्हा खोल्या विनातक्रार खाली करून देईन.

सोळा वर्षं मास्तरांसाठी जुळवून ठेवलेली वाक्यं होती ती. मास्तरांनी कधी सही केली नसती. एका बाईसाठी वापरायला मिळाली.

कागद काढून मी तिला वाचून दाखवला. पहिलं वाक्य झालं तसं तिनं मला थांबवलं. "ते फिरी वाचा." मी पुन्हा वाचलं. घरचीच व्यक्ती. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. मग मी शाईचं पॅड उघडलं आणि म्हणालो, "द्या अंगठा."

गोरक्ष माझ्या खांद्यावरून कागद बघत होता. त्याला वाचता येत होतं. खालची तीन वाक्यं त्यानं पाहिली. मी वाचली नाहीत हेही पाहिलं. आमची नजर एकदा मिळाली. मग त्यानं रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघायला सुरुवात केली.

तिनं अंगठा उठवला. तो नीट उमटला नाही म्हणून स्वतःच दुसऱ्यांदा उठवला, ठळक. एक प्रत मागून घेतली. भावाला दाखवायची म्हणाली. उरलेली शाई तिनं पदराला पुसली नाही, माझ्या टेबलावरचा चिंधीचा तुकडा विचारून घेतला आणि त्याला पुसली.

सुनावणी महिन्याभरानं झाली. मी आत गेलो होतो. सुनावणी घेणारे साहेब निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खालच्या वाक्यांपाशी त्यांचा पेन थांबला. त्यांनी चष्मा काढला आणि आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

"बाई, हे सगळं तुम्हाला कळलंय ना?"

"हो."

"भाडेकरू म्हणून नाव राहिलं तर तुमचं काही बिघडणार आहे का? पट्टी वाढेल ती घरमालक भरतील. तुम्हाला नाही भरावी लागणार. विचार करून सांगा. घाई नाही."

साहेब तिच्यासाठी दार उघडून उभे होते. याहून स्पष्ट त्या खुर्चीत बसून कुणी बोलू शकत नाही. मला वाटलं, आता ही विचारणार, का हो साहेब, राहिलं तर काय होईल? एवढं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

चिमणाबाई उठून उभी राहिली. रागानं तिचा आवाज चिरकला. "तुमच्या बहिणीला कुणी भाडेकरू म्हटलं तर चालेल का तुम्हाला? माझ्या मालकाचा घाम त्या भिंतीत गेला. माझा देर इथं उभा आहे, तो म्हणतो घरची, आणि तुम्ही म्हणता भाडेकरू राहा? खोडा ते नाव आधी. माझ्यासमोर खोडा."

साहेबांनी चष्मा लावला. मग भाडेकरू या शब्दावर रेघ मारली, बाजूला सही केली आणि पुढची फाइल ओढली.

बाहेर आल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर पेढे घेतले. आधी गोरक्षला दिला, मग मला दिला, शिपायालाही दिला. जिन्यात भेटेल त्याला सांगत होती, नाव खोडलं म्हणून. मी पेढा खाल्ला. चांगला होता.

अडीच वर्षं गेली. दोन हजार एकच्या मार्चमध्ये गोरक्ष पुन्हा माझ्या टेबलाशी आला. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली होती. हातात थोडा पैसा होता आणि अंगावर निळ्याऐवजी चौकड्यांचा शर्ट. कॉम्प्युटर क्लासवाल्यांना मागच्या दोन खोल्या हव्या होत्या. वेगळं दार असल्यामुळे त्यांना जागा पसंत होती. ओटा तोडून तिथं टेबलं लावणार होते. पट्टी बिगरनिवासी दरानं किती होईल, हे विचारायला तो आला होता.

मी आकडा सांगितला. अठ्ठ्याण्णवच्या नोटिशीपेक्षा चौपट होता. मला वाटलं, आता हा बोंब मारेल.

"एवढंच ना? भरू की," तो म्हणाला. "क्लासवाले महिन्याला साडेतीन हजार देतायत."

"आणि वहिनी?"

त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली. "नामपूरला भाऊ आहे तिचा. आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत दिलीय. आमच्याकडे आखाजीला बाया माहेरी जातातच." मग म्हणाला, "तो कागद तुम्ही चांगला केला होता. मला तेव्हा वाटलं, कशाला एवढं? पण उपयोगी पडला."

एप्रिलमध्ये, आखाजीला आठ दिवस असताना, चिमणाबाई आली. बरोबर सलिमा शेख होत्या, कुटुंबाचे दावे चालवणाऱ्या वकील. खरोखरच्या वकील. चिमणाबाई ज्या खाणावळीत पोळ्या लाटायची तिथून त्यांच्या ऑफिसात दुपारचा डबा जायचा, त्या ओळखीतून त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. पैसे घेणार नव्हत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. चिमणाबाई वाळली होती. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली जबाबाची प्रत होती.

सलिमाबाई बसल्या नाहीत. त्यांनी प्रत माझ्यापुढे धरली.

"हे तुम्ही टाइप केलंत?"

"हो."

"यांना वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"अंगठा आहे ना."

"मी सरळ विचारते. यांचं म्हणणं, पहिली तीन वाक्यं ऐकल्याचं आठवतं, खालची आठवत नाहीत. ती यांना वाचून दाखवली नसतील तर मी कोर्टाला हा कागद बाजूला ठेवायला सांगू शकते. दोनशे रुपये भाड्याची पहिली नोंद रेकॉर्डला आहेच. निदान मनाई हुकूम मिळेल, बाई घरात राहतील. माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही. दीर तर सांगणार नाही. तुम्ही फक्त खरं सांगा. वाचली होती का?"

रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. रांगेतली दोन माणसं आमचं ऐकत होती. "नव्हती वाचली," एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मला टेबल उचलावं लागलं असतं. ज्याचं लिहिणं ऐकून लोक अंगठा देतात, त्यानंच वाक्यं गाळली म्हटल्यावर माझ्यासमोर कोण बसणार? ही भीती होती, खरी होती. पण तेवढीच नव्हती. खरं सांगायचं तर सलिमाबाईंनी "बाई घरात राहतील" म्हटलं तेव्हा मला पुढच्या खोलीत पेपर वाचणारे मास्तर दिसले आणि माझं मन घट्ट झालं. या बाईनं माझं काय घेतलं होतं? एक पेढा तेवढा दिला होता. तरीही झालं.

"वाचली होती," मी म्हणालो. "शब्दन् शब्द."

सलिमाबाईंनी विचारलं, "शपथेवर सांगाल?"

"सांगेन. त्यांचं लक्ष नसेल."

"हे बघा," त्या चिमणाबाईकडे वळल्या, "हा माणूस खोटं बोलतोय. तुम्ही ठामपणे सांगा की ती वाक्यं वाचली नाहीत. तुमच्या शब्दावरही मी दावा लावीन. अवघड आहे, पण लावीन. फक्त तुम्ही ठाम राहा."

चिमणाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मी ती सहन केली असती. मी तयारीत होतो. तिनं सलिमाबाईंच्या हातातून कागद काढून घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"असं नका बोलू, ताई," ती म्हणाली. "वाचेल व्हई यास्नी. मनंच ध्यान नव्हतं. घरची म्हटलं, त्यातच माझा जीव अडकला, पुढचं कुठलं ऐकू येतंय? यास्नी तर माले घरनी लिखं. ते खोटं कशाला बोलतील?"

"अहो बाई..."

"नाही, ताई. चांगल्या माणसावर आळ घ्यायचा नाही. मना मालकले ते आवडणार नाही."

सलिमाबाईंनी आणखी दहा मिनिटं तिला समजावलं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. शेवटी सलिमाबाई माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेल्या. त्या गेल्यावर चिमणाबाई स्टुलावर बसली, कडेवर नाही, नीट बसली, थकल्यासारखी.

"साहेब, एक चिठ्ठी लिखी द्या मना भावाले," ती म्हणाली. "लिहा की मी माझ्या मर्जीनं येते आहे. देरानं काढलं असं कुणी म्हणू नये. देर चांगला आहे, एवढं नक्की लिहा. नाहीतर तिथं भावजय म्हणेल, परक्याच्या घरात राहत होती."

मी कागद चढवला आणि लिहिलं. तिनं सांगितलं तसंच, एक शब्दही जास्त नाही. वाचून दाखवू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कशाले? तुम्ही लिखं ना." आणि हातरुमालाची गाठ सोडायला लागली. मी पैसे घेतले नाहीत. त्याचंही तिला कौतुक वाटलं, ती दोनदा हात जोडून गेली.

मला तिचा राग आला. अजूनही येतो. सलिमाबाईंनी मला खोटारडा म्हटलं ते मी त्याच दिवशी विसरलो, पण या बाईनं एकदा तरी म्हणायला हवं होतं. ती म्हणाली असती तर मी कदाचित खरं बोललो असतो. कदाचित नसतोही बोललो. आता ते मला कुणी विचारणार नाही.

ती आखाजीच्या दोन दिवस आधी सटाण्याच्या एसटीनं गेली, नामपूरला.